गाणंही वाजू दे, कॉलही येऊ दे!

मागे मंद आवाजात गाणी, समोर एक्सेल शीट आणि मध्येच टीम लीडचा कॉल. आपली रोजची जुगलबंदी! १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि नव्या लॅपटॉपचे पैसे वाचवायला माझ्या दोन-तीन मित्रांनी जुन्यावरच लिनक्स टाकलं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच : यावर दोन्ही आवाज एकदम येतात ना?

येतात, बॉस! पण ही शंका उगाच नाही.

आधी रांग होती

साउंड ब्लास्टर लाइव्हसारखी कार्डं अनेक आवाज स्वतःच मिसळायची. मदरबोर्डवरच्या स्वस्त चिपला मात्र एका वेळी एकच आवाज झेपायचा. गाण्याने ती पकडली की कॉल मुका! मग हे काम सॉफ्टवेअरकडे आलं. गाण्याचे सेकंदाला ४४,१०० नमुने, कॉलचे ४८,०००; दोन्ही एका मापात आणायचे, त्यांची बेरीज करायची आणि एकच आवाज चिपला द्यायचा.

‘अल्सा’मध्ये यासाठी ‘डीमिक्स’ होतं, पण त्याच्या सेटिंगसाठी अनेकदा होम फोल्डरमध्ये ‘एसाउंडआरसी’ नावाची लपलेली फाईल हाताने लिहावी लागे. २००७मध्ये फेडोरा ८ने ‘पल्सऑडिओ’ आणलं. पुढे २०२१मध्ये फेडोरा ३४ने आणि २०२२मध्ये उबुंटू २२.१०ने आवाजाचा कारभार ‘पाइपवायर’कडे दिला. म्हणजे मिक्सिंग आता आयतंच मिळतं.

तुम्ही एवढंच करा

• ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हे छोटं अ‍ॅप घ्या. पाइपवायरवरही ते मस्त चालतं. ‘प्लेबॅक’मध्ये आवाज करणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपची वेगळी पट्टी दिसते. गाणी कमी करा, कॉल वाढवा. हवं तर गाणी स्पीकरवर, कॉल हेडफोनवर!

• ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं? माइक लॅपटॉपचा निवडा आणि ‘कॉन्फिगरेशन’मध्ये हेडफोनला ‘एटूडीपी’ द्या.

• जुन्या टिप्स वाचून एसाउंडआरसी लिहू नका. आवाज थेट चिपकडे पाठवणारी फाईल मिक्सरला बाजूला सारते आणि पुन्हा तीच रांग लागते. आधीची फाईल असेल तर तिचं नाव बदला, लॉगआउट होऊन परत या.

इतकं करून बघा. निव्वळ आवाजापायी चांगला चालता लॅपटॉप भंगारात द्यायची गरज नाही. वाचलेल्या पैशांत झकास हेडफोन येईल!