बांध फुटला तर?

बँकेत असताना मी भोर शाखेत चार वर्षं काढली. पीककर्जाच्या पाहणीला वेल्ह्याकडे जावं लागे. (त्या तालुक्याला आता राजगड म्हणतात, माझ्या तोंडी वेल्हेच बसलंय.) तिथल्या एका आंबेमोहोर पिकवणाऱ्या खातेदाराशी जुळलेली मैत्री निवृत्तीनंतरही टिकली. या माणसानं कधी हप्ता चुकवला नाही. म्हणून गेल्या वर्षी त्याच्या मुलानं फोनवर विचारलं, ‘‘काका, खाचरं विकायची का?’’ तेव्हा मी चरकलोच.

म्हाताऱ्याच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली होती. जुन्या ‘बी’ काविळीनं यकृत आधीच निबर झालेलं, त्यामुळे शस्त्रक्रिया धोक्याची. पुण्यातल्या डॉक्टरांनी किरणोत्सर्गी मणी सोडण्याचा उपाय सुचवला. घरात कुणाला काही उमगेना.

मी त्याला शेतातलंच उदाहरण दिलं. यकृताला रक्ताचे दोन पाट. निरोगी यकृत सुमारे पाऊण हिस्सा रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून घेतं. गाठ मात्र बहुतेक सगळं रोहिणीतून ओढते. मग रोहिणीच्या पाटातच औषध सोडायचं. तण जळतं, भात बराचसा वाचतो. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून, क्ष-किरणांच्या पडद्यावर वाट बघत डॉक्टर गाठीच्या तोंडाशी पोचतात आणि २० ते ३० मायक्रॉनचे, केसाहून बारीक काचेचे मणी सोडतात. त्यांतल्या इट्रियम-९० चे किरण सरासरी अडीच मिलिमीटरच जातात. दर ६४ तासांनी जोर निम्मा होतो.

म्हातारा ऐकत होता. म्हणाला, ‘‘आन् बांध फुटला तर?’’

नेमका प्रश्न! गाठीतून काही मणी निसटून फुप्फुसात जाऊ शकतात. म्हणून आधी टेक्निशियमचे निरुपद्रवी कण सोडून रंगीत तालीम करतात. गळती जास्त दिसली, तर बेत रद्द.

मुलाला मी बजावलं, तालमीचा निकाल लागेपर्यंत सात-बाराला हात लावायचा नाही. खर्च लाखांतला, त्यात परदेशी मण्यांची किंमत. असे मणी भाभा अणुसंशोधन केंद्रानं देशातही बनवले आहेत, ‘भाभास्फिअर’ नावाचे. मी मुलाला त्यांची चौकशी करायला लावली. गाठ जाईलच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. आवळली तर काळ मिळेल, एवढंच. त्या ‘एवढंच’साठी जमीन विकावी का, यावर घरात दोन रात्री वाद झाला. मी गप्प बसलो. तारणाचा हिशेब इथं चालत नाही.

गळती थोडीच निघाली. रस्त्याकडेचे दोन गुंठे गेले, खाचरं राहिली. उपचारानंतर आठवडाभर नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, असं सांगितलेलं. मी गेलो तेव्हा म्हातारा ओटीवर, पोरगं अंगणात. दोघं लांबूनच भांडत होते. मला बघून म्हणाला, ‘‘सायेब, तीन महिन्यांनी फोटो काढायचाय. तवर रोपं टाकू का नको?’’

‘‘टाका,’’ मी म्हणालो.