चित्रशाळेतील वैद्यकपाठ

वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या हाती कादंबरी दिसली की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठ्या पडतात. शरीररचनाशास्त्राचे जाडजूड ग्रंथ उशाशी असताना ही चैन कशाला, असा त्यांचा सवाल असतो. तो अगदीच गैरवाजवी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि अमेरिकेतील येल विद्यापीठातील एक हकीकत अशा पालकांच्या कानी घालावीशी वाटते.

तेथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अर्विन ब्रेव्हरमन यांना शिकवता शिकवता एक गोष्ट जाणवली. परिचयाची वस्तू माणूस वरवर पाहतो. अनोळखी वस्तूपुढे त्याला उभे केले, तर काय महत्त्वाचे हे ठाऊक नसल्याने तो सारेच न्याहाळतो. म्हणून १९९८ च्या सुमारास त्यांनी चित्रसंग्रहालयातील शिक्षणविभागाच्या लिंडा फ्रीडलेंडर यांच्या साहाय्याने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयाऐवजी चित्रशाळेत नेले. प्रत्येकाने एकाच जुन्या चित्रापुढे दहापंधरा मिनिटे उभे राहावे आणि मग दिसले तेवढे सर्व सोबत्यांना सांगावे, असा तो पाठ. चित्रातील स्त्री दुःखी आहे, एवढ्याने भागत नसे. ओठांची ठेवण कशी, मान कोठे झुकली आहे, हातांची बोटे काय करीत आहेत, हे आधी सांगावयाचे, अर्थ मागाहून. पुढे याच विद्यार्थ्यांना रुग्णांची छायाचित्रे दाखविली, तेव्हा चित्रशाळेत न गेलेल्यांपेक्षा त्यांनी अधिक बारकावे टिपले. हा निष्कर्ष २००१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

नजर तरबेज झाली म्हणजे अंतःकरणही कोवळे झाले, असा हिशेब मात्र कोणी मांडू नये. सावकाराची नजरही तीक्ष्णच असते! पण ज्याने रुग्णाकडे धड पाहिलेच नाही, त्याच्या सहानुभूतीचा रुग्णास कितपत उपयोग?

विख्यात वैद्य सर विल्यम ऑस्लर यांनी हा विचार फार पूर्वी केला होता. १९०४ साली निघालेल्या आपल्या व्याख्यानसंग्रहाच्या अखेरीस त्यांनी विद्यार्थ्यांसाठी उशाशी ठेवण्याजोग्या दहा ग्रंथांची यादी दिली. बायबल, शेक्सपिअर, प्लुटार्क, डॉन किहोटे. वैद्यकाचे पाठ्यपुस्तक त्यांत एकही नाही. निजण्यापूर्वी अर्धा तास वाचा, एवढेच त्यांचे मागणे होते.

आपल्या देशात २०१९ पासून वैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संभाषण यांचे पाठ समाविष्ट झाले. रुग्ण असणे म्हणजे काय, हा त्यांतील पहिल्याच वर्षाचा एक विषय. विच्छेदनगृहातील शव हा आपला पहिला गुरू, असाही एक पाठ आहे. विषय उत्तम निवडले आहेत, यात शंका नाही. आमचे भय निराळेच आहे. या पाठांवर परीक्षेत प्रश्न येतात, आणि जेथे प्रश्न आले तेथे तयार उत्तरांच्या मार्गदर्शिका येण्यास कितीसा उशीर? करुणेची पाच लक्षणे रात्री घोकून सकाळी उतरवून काढणारा विद्यार्थी दुपारी खाटेपाशी उभा राहील, तेव्हा खाटेवरच्या म्हातारीचा हात का थरथरतो आहे, हे त्या उत्तरात असणार नाही. विषय परीक्षेत नसेल तर मुले वर्गास फिरकत नाहीत, ही शिक्षकांची अडचणही आम्ही जाणतो. तरीसुद्धा आठवड्याचा एक तास गुणपत्रिकेबाहेर ठेवून पाहावा, आणि तो शिकविण्यास भाषेच्या एखाद्या प्राध्यापकास किंवा चित्रकारास बोलवावे, असे आम्हांस वाटते.