दम्याचं मूलही मैदानात धावू शकतं. पंपाची भीती सोडा, हे चार प्रश्न विचारा

मासवण : भाताची झोडणी सुरू झाली, थंडी पडू लागली की सूर्या नदीकाठच्या गावांत मुलांचा खोकला वाढतो. बहुतेकांचा आठवड्याभरात जातो. काहींचा मात्र जात नाही. रात्री झोपमोड होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, धावलं की धाप लागते. 'कफ झालाय' म्हणून घरात सिरप पाजतात आणि शाळेत खेळाच्या तासाला मूल बाजूला बसतं. हा दमा असू शकतो.

नेमकं काय होतं?
दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर, सर्दी किंवा गार हवा लागली की त्या आकसतात. आपल्याकडे त्याला कारणं भरपूर आहेत. चुलीचा धूर, झोडणीची धूळ, उन्हाळ्यात राब भाजणे, पावसाळ्यात ओल्या भिंतीवरची बुरशी, घरातली विडी. त्यात तारापूर एमआयडीसी जवळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात हा पट्टा देशात सर्वाधिक प्रदूषित ठरला होता.

चार प्रश्न
सहा वर्षांवरील दम्याच्या मुलाबाबत गेल्या चार आठवड्यांचा विचार करा :
1. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस त्रास झाला का?
2. दम्यामुळे रात्री जाग आली का?
3. लगेच आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का?
4. खेळणं-धावणं कमी झालं का?

एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर दमा पूर्ण ताब्यात नाही. डॉक्टरांना दाखवा.

पंपाची सवय लागते?
नाही. पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. तेच 2 मिलिग्रॅमच्या गोळीत वीसपट. पण हा पंप फक्त आकसलेली नळी मोकळी करतो, सूज कमी करत नाही. त्यासाठी रोजचा वेगळा पंप असतो. बरं वाटलं म्हणून तो मनाने बंद केला की त्रास परत येतो. तो घेतल्यावर चूळ भरावी.

लहान मुलाला फवारा नीट ओढता येत नाही. त्याला स्पेसर लागतो. तो महाग वाटला तर 500 मिलीची प्लास्टिकची बाटलीही चालते. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून पंप घट्ट बसवायचा आणि मुलाने बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये अशी बाटली मुलांवर तपासली, ती बाजारातल्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. मात्र पहिल्यांदा डॉक्टर किंवा नर्सकडून शिकून घ्या. एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा सावकाश श्वास.

मासवणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घेता येते. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. शाळेच्या गुरुजींनाही मुलाच्या दम्याची कल्पना द्या आणि पंप दप्तरात ठेवा.

थांबू नका
मुलाला सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर झाले असतील, तर मुलाला आडवं न झोपवता बसवा, आराम देणारा पंप द्या आणि लगेच 108 ला फोन करा. घरगुती उपाय करत सकाळची वाट बघू नका.