जुना ट्रॅक्टर घेताना : इंजिनाची पारख

बैल विकत घेताना आपण काय काय बघतो? दात बघतो. खूर बघतो. खांदा चाचपून बघतो. चार पावले चालवून बघतो. जमले तर गाडीला जुंपूनही बघतो. नुसती रंगवलेली शिंगे आणि अंगावरची झूल बघून कोणी शहाणा माणूस बैल घेत नाही.

पण जुना ट्रॅक्टर घेताना हीच माणसे चकतात. नवा रंग दिसला, टायर काळेभोर दिसले, सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले, की इसार देऊन मोकळी होतात. ट्रॅक्टरचे खरे मोल रंगात नसते. ते इंजिनात असते. आणि इंजिन तर झाकलेले! मग त्याची पारख कशी करायची?

आमचा सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. कापूस आणि मका ही इथली मोठी पिके. नांगरट, वखरणी, पेरणी, मळणी, मालाची वाहतूक, सगळीकडे आता ट्रॅक्टर लागतो. नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर लाखांचे काम. म्हणून पुष्कळ जण जुना शोधतात. व्यवहार चांगला झाला तर घर वर येते. फसला तर ट्रॅक्टर मिस्तरीच्या दारात उभा राहतो, आणि कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाही. पेरणीचा वाफसाही कोणासाठी थांबत नाही.

म्हणून या पाठात आपण इंजिनाचे बोलणे ऐकायला शिकू. खोलायचे काम मिस्तरीचे. ऐकायचे काम आपलेही आहे.

इंजिनाला काय लागते?

ट्रॅक्टरचे इंजिन डिझेलवर चालते. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल नावाचा इंजिनिअर होऊन गेला. त्याने १८९७ साली असे इंजिन नीट चालवून दाखवले. त्याचेच नाव इंजिनाला आणि तेलाला मिळाले. आपल्याकडे १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना निघाला. विहिरीवरच्या इंजिनाचा ठक-ठक आवाज मग गावोगाव ओळखीचा झाला. दुसऱ्या शेतात उभे राहूनही जुनी माणसे सांगत, "इंजिन ओढत नाही रे, बघ जरा काय झालंय." त्यांच्या कानाला सवय झाली होती. ती सवय आपल्यालाही लावून घेता येते.

हे इंजिन चालते कसे? पिस्टन खाली जातो तेव्हा सिलेंडरमध्ये हवा येते. पिस्टन वर येतो तेव्हा ती हवा खूप दाबली जाते. सायकलचा पंप जोरात मारला, की त्याचे टोक गरम होते ना? तसेच इथे होते. फक्त दाब फार मोठा. हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेटतो. त्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. मग जळलेला धूर बाहेर पडतो आणि पुन्हा नवी हवा आत येते.

म्हणजे इंजिनाला जोर येण्यासाठी तीन गोष्टी हव्यात. स्वच्छ हवा, नेमके डिझेल आणि पुरता दाब. शिवाय आतले भाग झिजू नयेत म्हणून चौथे, ऑईल.

इंजिन रडते किंवा आवाज करते तेव्हा या चारांपैकी काहीतरी कमी पडलेले असते. हवेचा दोष बहुधा स्वस्तात निघतो. डिझेलच्या वाटेतला दोष कधी स्वस्त, कधी महाग. दाबाचा आणि ऑईलचा दोष मात्र इंजिनाच्या पोटातला. तो निघाला, की मिस्तरी म्हणतो, "इंजिन कामाला आलंय." स्वस्त दोष कोणता आणि महाग कोणता, हे ओळखणे म्हणजेच पारख.

सकाळी जा, थंड इंजिन बघा

ट्रॅक्टर बघायला सकाळी लवकर जा. "मी येईपर्यंत सुरू करू नका," असे आधीच सांगून ठेवा. गेल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन बघा. ऊब लागली, तर ते आधीच चालवलेले आहे. गरम इंजिन आपले बरेच दोष लपवते. कष्टाने सुरू होणे, सुरुवातीचा धूर, सैल पिस्टनचा आवाज, हे सारे थंडपणीच उघडे पडते. इंजिन गरम असेल तर निवेपर्यंत थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जा.

आता सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, रेडिएटरचे पाणी. झाकण इंजिन थंड असतानाच काढावे. गरम असताना काढले तर उकळते पाणी अंगावर उडते. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तो वाईट. हेड, त्याचे गॅस्केट किंवा ऑईल थंड करणारा भाग यांपैकी कुठेतरी फट आहे.

दुसरी, ऑईल. मोजायची पट्टी काढा आणि बघा. डिझेल इंजिनाचे ऑईल काळे असते, त्याला घाबरू नका. पण ते दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. खुणेच्या वर चढले असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर त्यात डिझेल गळते आहे. थेंबभर ऑईल बोटांवर चोळा आणि उन्हात धरा. बारीक चमचम दिसली तर आतला धातू झिजतो आहे. ऑईल काकवीसारखे दाट लागले तर कान टवकारा. आवाज आणि धूर दबावा म्हणून काही विकणारे मुद्दाम जाड ऑईल भरतात.

आता सेल्फ मारू द्या. इंजिन जोरात फिरते पण लवकर पेट घेत नाही, तर दाब कमी आहे किंवा डिझेल नीट पोचत नाही. मुळात हळूहळूच फिरत असेल तर आधी बॅटरी बघा. तो इंजिनाचा दोष नसेलही. इंजिन सुरू होताच काही क्षणांत ऑईलचा काटा वर चढला पाहिजे किंवा ऑईलचा दिवा विझला पाहिजे.

धूर काय सांगतो?

धुराचे तीन रंग लक्षात ठेवा.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एकदम रेस दिल्यावर एखादा काळा लोट निघाला तर चालते. पण सारखा काळा धूर असेल तर हवेचा फिल्टर चोंदला असेल किंवा नोझल नीट फवारत नसेल. हा दोष बहुधा आवाक्यातला असतो.

पांढरा धूर थंड इंजिनातून सुरुवातीला निघतो. ते न जळलेले डिझेल असते. इंजिन तापले की तो थांबायला हवा. तापल्यावरही थांबत नसेल, तर दाब कमी आहे, डिझेलची वेळ चुकली आहे किंवा आत पाणी शिरते आहे. रेडिएटरचे पाणीही घटत असेल तर शंका पक्की धरा.

निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हच्या नळ्या झिजल्या आहेत. हा महाग दोष.

खात्री करायची एक साधी रीत आहे. इंजिन चांगले तापू द्या. स्लो चालू असताना ऑईल भरायचे झाकण जपून सैल करा. थोडी वाफ येणारच. पण चुलीच्या धुराड्यासारखे भक-भक लोट येऊ लागले, तर पिस्टनवरचा दाब रिंगांजवळून खाली निसटतो आहे. मग इंजिनाला जोर कुठून येणार?

आवाज कुठून येतो?

डिझेल इंजिन आवाज करणारच. बिनआवाजाचे इंजिन शोधू नका. सारखा, ठेक्यातला आवाज निरोगी समजा. त्या ठेक्यात वेगळे काय मिसळते, ते ऐका.

एक लांब, कोरडी लाकडी काठी घ्या. एक टोक इंजिनाला लावा, दुसरे कानाजवळच्या हाडाला टेकवा. आवाज कुठला आहे ते नीट कळते. मात्र पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर राहा. उपरणे, पदर, सैल बाही आधी आवरून घ्या.

इंजिनाच्या वरच्या बाजूला बारीक टिक-टिक येत असेल, तर टॅपेटमधली फट वाढली आहे. मिस्तरी ती पातळ पट्ट्यांनी मोजून थोड्या वेळात बसवून देतो. एवढ्यासाठी व्यवहार मोडू नका.

कडक टक-टक एकाच सिलेंडरमधून येत असेल, तर नोझलची शंका घ्या. मिस्तरी एकेका नोझलची नळी सैल करून बघतो. जी सैल करताच तो आवाज थांबतो, तिथे दोष. आणि जी सैल करूनही इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलेंडर आधीपासूनच काम करत नव्हता. हे काम मिस्तरीलाच करू द्या. त्या नळीतल्या डिझेलचा फवारा इतका जोराचा असतो, की तो कातडीत घुसतो. तिथे कधीही हात धरू नका.

थंडपणी पोकळ टपटप येते आणि तापल्यावर कमी होते, तर पिस्टन आणि लायनर यांच्यात फट पडली आहे. ट्रॅक्टर काही दिवस चालेल, पण खर्च पुढे उभा आहे.

इंजिनाच्या खालून जड धप-धप येते, ओझे पडले की वाढते, आणि तापल्यावर ऑईलचा काटाही खाली येतो. हे क्रँकच्या किंवा कनेक्टिंगच्या बेअरिंगांचे दुखणे. असा ट्रॅक्टर लगेच बंद करायला सांगा. तो तसाच चालवला तर क्रँक जाईल, कदाचित सगळे इंजिन जाईल.

कर्र-कर्र किंवा शीळ पुढच्या बाजूने आली, तर पट्टा सैल असेल किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग खराब असेल. हे बाहेरचे काम आहे.

जोर कमी पडतो तेव्हा

उभ्या जागी सगळीच इंजिने शहाणी असतात. ओझे पडले की खरे कळते. म्हणून ट्रॅक्टर नांगराला लावून बघा. अर्धा तास तरी चालवा. मात्र आधी मोकळ्या सपाट जागी ब्रेक तपासा. अनोळखी ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली जोडून वेताळवाडीच्या घाटात परीक्षा घ्यायला जाऊ नका. इंजिनाने दगा दिला तर पैसे जातात. ब्रेकने दिला तर माणूस जातो.

चालवताना जोर कमी पडला, तर घाबरण्याआधी स्वस्त कारणे तपासा.

हवेचा फिल्टर काढून बघा. पुष्कळ ट्रॅक्टरांत तो ऑईलच्या भांड्यावर बसवलेला असतो. मळणीच्या धुळीत भांड्याच्या तळाशी गाळ बसतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. डिझेलचा फिल्टर चोंदला, टाकीत पाणी किंवा घाण साठली, टाकीच्या झाकणाचे बारीक भोक बुजले, तर रिकामे इंजिन ठीक चालते आणि ओझ्याखाली मान टाकते. नळीत हवा शिरली, तर इंजिन कधी वर, कधी खाली होत बंद पडते. नांगरताना पाणी फार तापले, तर रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला आहे का ते बघा.

आणखी एक. इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही. चाकही जागी फिरत नाही. मग दोष इंजिनाचा नाही. क्लच घसरतो आहे.

कागद-पेन्सिल हाती घ्या

आता आपल्याला लिहिता येते. त्याचा इथे उपयोग करा. कागदावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे लिहा, काय दिसले आणि काय ऐकले. उजवीकडे लिहा, मिस्तरी खर्च किती सांगतो. तास दाखवणाऱ्या मीटरचा आकडाही लिहा. पण त्यावर एकट्यावर विसंबू नका, मीटर बंद पडलेले किंवा बदललेले असू शकते. पायडल आणि सीट फार झिजली आहेत, आणि तास मात्र थोडेच, हे पटेल का?

मिस्तरी आपला न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याची मजुरी खुशीने द्या. खर्चाची बेरीज करा आणि ती सांगितलेल्या किमतीतून वजा करून बोला. "मला वाटतं कमी करा," म्हणण्यापेक्षा "नोझलला इतके, क्लचला इतके," असे म्हटले, की समोरचाही नीट बोलतो.

इंजिनावरचा नंबर आणि चासीचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. बँकेचा बोजा लिहिलेला असेल तर तो उतरल्याचा कागद मागा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे, घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओकडे नाव बदलण्यासाठी कळवायचे असते.

लक्षात ठेवा

१. इंजिन थंड असताना बघा, तापल्यावर बघा आणि ओझ्याखाली बघा.

२. काळा धूर, वरची टिक-टिक, चोंदलेला फिल्टर : किंमत कमी करून घ्या.

३. निळा धूर, झाकणातून भक-भक, पाण्यावर तवंग : पूर्ण इंजिन कामाचा खर्च धरा, नाहीतर सोडून द्या.

४. खालून धप-धप आणि ऑईलचा काटा खाली : हात जोडा आणि घरी या.

५. विकणारा थंड इंजिन दाखवत नसेल, नांगराला लावू देत नसेल, "आजच इसार द्या" म्हणून घाई करत असेल, तर समजून घ्या. ट्रॅक्टर आणखी मिळतील. घामाचे पैसे पुन्हा मिळवायला वर्षे जातात.