चामड्याच्या सोफ्यावर शाई : डाग काढावा कसा, आणि बिघडला तर भरावे कोणी?

कापडाच्या धंद्यात शाईची आणि आमची दुश्मनी जुनी आहे. बिलबुक, चलन, ताक्यावरचा शिक्का, दलालाच्या कानावर खोचलेले पेन, या सगळ्यांतून शाई ठिबकतच असते. पूर्वी पेढीवर गादी, तक्के आणि वर पांढरी चादर अंथरलेली असे. चादरीवर दौत सांडली तर चादर धोब्याकडे जाई आणि दुसरी अंथरली जाई. त्या डागाची कोणी चर्चा करीत नसे. आता गिऱ्हाईक मांडी घालून बसत नाही. काचेची केबिन आली, त्यात चामड्याचा सोफा आला, आणि गिऱ्हाइकाच्या मागच्या खिशातले बॉलपेनही सोफ्यावर येऊन बसले. सोफा धोब्याकडे पाठवता येत नाही.

शाईचा डाग ही तशी किरकोळ बाब वाटेल. परंतु अलीकडे आमच्या बाजारात या एका डागावरून दोन घरांत बोलणे बंद होण्याची वेळ आली होती. त्याची हकीकत पुढे देत आहोत. शिवाय सोफे दुरुस्त करणारे, रंगवणारे, कुशन शिवणारे कारागीर आपल्या समाजात पुष्कळ आहेत. डाग काढण्याचे अपुरे ज्ञान त्यांच्याच अंगावर शेकते.

कापडाचे नियम चामड्याला चालत नाहीत

आम्हाला अनेकजण विचारतात की तुम्ही इतकी वर्षे कापडावरचे डाग पाहता, मग सोफ्यावरचा डाग का काढता येत नाही? फरक असा आहे की कापडाला दोन बाजू असतात. डाग खालच्या बाजूला करून त्याखाली टीपकागद ठेवावा, वरून स्पिरिट सोडावे, शाई विरघळून कागदात उतरते. सोफ्यावर ताणून बसवलेल्या चामड्याला आपल्यासाठी एकच बाजू. वरून जे ओताल ते शाईला घेऊन आत जाईल, किंवा आजूबाजूला पसरेल. बोटाएवढी रेघ हाताएवढी होते ती अशी.

दुसरे, सुती कापडाला ब्लीचिंग पावडर सोसते. रेशमाला आणि लोकरीला ती सोसत नाही, हे कापडाचा कोणताही जाणकार सांगेल, कारण ते जनावरापासून मिळणारे धागे आहेत. चामडेही त्याच जातीचे आहे. कमावलेले चामडे थोडे आंबट गुणाचे असते. त्यावर धुण्याचा सोडा, ब्लीच किंवा कपड्याचा कडक साबण घातला की ते कोरडे पडते, ताठ होते आणि कालांतराने तडकते. त्या वेळी डाग गेला म्हणून आनंद होतो, तडे नंतर दिसतात.

आधी शाई ओळखा

सगळ्या शाया एक नव्हेत. मकतबात तख्तीवर लिहायची ती काजळी आणि गोंदाची रोशनाई मुलतानी मातीने आणि पाण्याने धुतली जाई. फाउंटन पेनची साधी निळी शाईही पाण्यातली असते. ताबडतोब टिपून ओल्या फडक्याने पुसली तर पॉलिश केलेल्या चामड्यावरून ती बहुतेक निघते.

बॉलपेनची शाई वेगळी. ती पाण्यातली नसून घट्ट, तेलकट असते. तिच्यात जांभळे-निळे रंग असतात. तोंड आल्यावर लावायचे ते जांभळे औषध, जेन्शियन व्हायोलेट, ते याच रंगांपैकी एक. ते औषध लावल्यावर ओठांचा रंग किती दिवस जात नाही हे प्रत्येक आईला माहीत आहे. सोफाही शेवटी कातडेच. ही शाई पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटला देते. पण चामड्यावर दिलेला रंग आणि पॉलिशही स्पिरिटलाच दाद देते. सगळी अडचण या एका वाक्यात आहे. शाई निघते तेव्हा तिच्याबरोबर सोफ्याचा रंगही निघत असतो.

जेल पेनात बहुधा रंगाची बारीक पूड असते, ती विरघळत नाही, चामड्याच्या छिद्रांत बसते. स्टॅम्प पॅडची शाई लवकर वाळत नाही म्हणून टिपायला अवधी मिळतो, पण कपड्याला लागून ती चार ठिकाणी पोहोचते. निवडणुकीत बोटाला लावायची शाई, जी १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यात बनते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. ती कातड्याशीच एकजीव होते. तिच्या मागे लागून वेळ घालवू नये.

आणखी एक जुनी गोष्ट. हिरडा आणि हिराकस यांपासून बुजुर्ग लोक काळी शाई करीत. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, म्हणजे कोल्हापुरी चपलेचे, जुन्या बॅगांचे, त्यात तोच तुरट गुण भरलेला असतो. लोहाची निळी-काळी शाई अशा चामड्यावर पडली की चामडे स्वतःच शाई बनू लागते. हल्लीचे सोफे बहुधा क्रोमने कमावलेले असतात, त्यामुळे त्यांना ही भीती कमी.

मग सोफा ओळखा

पाण्याचा एक थेंब सोफ्याच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी टाकावा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर चामड्यावर रंगाचा आणि पॉलिशचा थर आहे, आणि शाई अजून वरच असण्याची आशा आहे. थेंब आत मुरून जागा काळपट झाली तर ते उघडे, पॉलिश न दिलेले चामडे. ते महाग असते आणि नाजूक असते. त्यावर पडलेली शाई आतपर्यंत गेलीच असे समजावे आणि घरगुती उपाय न करता जाणकाराला बोलवावे. लव असलेल्या मखमली चामड्याचेही तेच.

तिसरा प्रकार रेक्झीनचा. रेक्झीन हे मुळात इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचे नाव, आपल्याकडे ते सगळ्याच नकली चामड्याला पडले. आज त्या नावाखाली कापडावर पीव्हीसी किंवा पीयूचा थर दिलेला माल मिळतो. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेले असते. बॉलपेनची शाई त्यात हळूहळू उतरत जाते. पहिल्या तासात जो डाग निघतो तो आठवड्याने निघत नाही, कितीही घासा. पीयूचा माल तर आपल्या कोकण-मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांत आपणहून सोलू लागतो. त्यावर स्पिरिट घासणे म्हणजे पडक्या भिंतीला धक्का देणे.

करावे काय

डाग ताजा असेल तर प्रथम टिपावे, पुसू नये. पांढरा सुती चिंधा किंवा टिश्यू कागद घ्यावा. रंगीत फडके घेतले तर त्याचाच रंग लागेल, हे कापडवाल्याला वेगळे सांगायला नको. दर वेळी कोरडा भाग वापरावा. नंतर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून, फेसाने, कडेकडून मधे असे हलके पुसावे. मधून कडेला पुसले की डाग वाढतो. कित्येक वेळा एवढ्यानेच भागते.

भागले नाही तर औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घ्याव्यात. आधी न दिसणाऱ्या जागी काडी टेकवून पाहावी. काडीला सोफ्याचा रंग लागला तर तिथेच थांबावे. नाही लागला तर काडी जरा ओली करून, जास्तीचे दाबून काढून, फक्त शाईच्या रेघेवर फिरवावी. एका काडीची एक फेरी, मग ती फेकावी. तीच काडी पुन्हा फिरवली तर काढलेली शाई परत लावल्यासारखे होते. पाच-सात काड्यांनंतर डाग जसाचा तसा असेल तर तो आत गेला आहे, हात आवरता घ्यावा. निघाला तर ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन, चामड्याचे क्रीम लावावे, कारण स्पिरिटने तिथली स्निग्धता गेलेली असते. काम करताना खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ अगरबत्ती, लोबान काही जळत असू नये.

या स्पिरिटबाबत काही भाविक मंडळी आम्हाला जायज-नाजायज विचारतात. मसला उलेमांना विचारावा. आम्ही एवढेच सांगू शकतो की आयसोप्रोपिल हे पिण्याच्या दारूतले अल्कोहोल नव्हे, ते पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या मालापासून बनते.

टूथपेस्ट, दूध, लिंबू यांच्या भानगडीत पडू नये. टूथपेस्टमध्ये बारीक भुकटी असते, ती पॉलिश खरवडते. दूध शिवणीत जाऊन नासते. लिंबाने रंग उडतो. केसांच्या स्प्रेची ख्याती ऐकिवात आहे. जुन्या स्प्रेमध्ये अल्कोहोल भरपूर असे म्हणून ती झाली. त्यातला चिकट पदार्थ चामड्यावर बसतो ते कोणी सांगत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांना तर सोफ्याच्या खोलीतही आणू नये. २०२० साली करोनाच्या काळात हातावरचे ओले सॅनिटायझर सोफ्याच्या हातांना लागून किती पेढ्यांतले पॉलिश उडाले, ते अजून दिसते.

थिनरचा मामला

आता ती हकीकत. आमच्या बाजारातील एका व्यापाऱ्याच्या केबिनमध्ये नवीन सोफ्याच्या बैठकीवर बॉलपेनची रिफील फुटली. संध्याकाळी परगावची पार्टी यायची होती. मोहल्ल्यातल्या सोफे दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाला बोलावले आणि सांगितले, काहीही कर, पण पाचच्या आत डाग दिसता कामा नये. त्याने थिनर घासले. डाग गेला, आणि त्याबरोबर वरचा थरही गेला. वीतभर पांढरा चट्टा पडला. मालक म्हणू लागला, पूर्ण सोफ्याची किंमत भर. त्या पोराची कमाई पाहता ती रक्कम म्हणजे वर्षाची भाकरी.

दोन्ही बाजूंनी पंच म्हणून आम्हाला आणि आणखी दोघांना बसवले. आम्ही आधी चट्टा पाहिला. थर गेलेल्या जागी उभे-आडवे धागे स्पष्ट दिसत होते. ते विणलेले कापड होते, आणि कापड आम्ही ओळखणार नाही तर कोण ओळखणार? चामड्याच्या खाली चामड्याचे तंतू दिसायला हवेत, ताणा-बाणा नव्हे. म्हणजे ज्या दुकानदाराने अस्सल चामडे म्हणून सोफा दिला त्याने पीयूचा माल दिला होता. बिल मागवले. बिलावर फक्त ‘सोफा सेट ३+१+१’ एवढेच लिहिलेले. चामडे हा शब्दच नाही. दुकानदाराने हात झटकले.

राहिला कारागीर. हनफी फिकहच्या किताबांत अनेकांची कामे घेणाऱ्या कारागिराचा, अजीर-ए-मुश्तरकचा, मसला आहे, आणि उदाहरण चक्क कापडाचे आहे: धोब्याने आपटताना कपडा फाडला तर भरपाई त्याच्याकडे, कारण नुकसान त्याच्या कामातून झाले. तेव्हा पोराची जबाबदारी अजिबात नाही असे म्हणता येत नव्हते. पण त्याने बिघडवले ते काय? चामड्याचा सोफा नव्हे, रेक्झीनची एक बैठक. आणि पाचच्या आत काहीही कर, असे म्हणणाऱ्या मालकाचाही त्यात वाटा होता. ठरले ते असे की कारागिराने मजुरी घेऊ नये आणि ती एक बैठक नव्या मालाने मढवून द्यावी, कापडाचा खर्च मालकाने करावा. दोघांनी मानले. मालकाचा राग मात्र खरा दुकानदारावर होता, आणि तो अजून गेलेला नाही.

हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा विक्रेत्याला त्यांनी काय सुनावले ते आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ आहे. कापडावरचा थर चामडे म्हणून विकणारा तो ढीगच विकत असतो. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून अस्सल मालात म्हशीचे कातडे आणि बाहेरून आलेला माल यांवर भर आहे, आणि नकली मालाला नवी नवी इंग्रजी नावे मिळत आहेत. चुऱ्याचे तुकडे डिंकाने चिकटवून केलेला ‘बाँडेड’ मालही चामड्याच्या नावावर जातो.

म्हणून सोफा घेताना बिलावर मालाचे नाव लिहून घ्यावे: पूर्ण चामडे, फक्त बैठकीला चामडे, की पीयू. कुशनची चेन उघडून उलटी बाजू पाहावी. चामडे असेल तर मखमलीसारखे तंतू दिसतील, नकली असेल तर कापड. बिलावर चामडे लिहिलेले असेल आणि निघाले दुसरेच, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. नुसत्या तोंडी शब्दावर तिथे उभे राहणे कठीण.

आणि कारागीर बंधूंनी काम हातात घेण्याआधी मोबाइलवर डागाचा फोटो घ्यावा, थेंबाची परीक्षा मालकाच्या समोर करावी, आणि रंग जाण्याचा धोका असेल तर तो चिठ्ठीवर लिहून मालकाची सही घ्यावी. आत गेलेला डाग काढण्यापेक्षा ती जागा साफ करून, बारीक घासून, जुळत्या रंगाचा फवारा देऊन वर पॉलिश चढवणे हेच पक्के काम आहे. हे काम शिकलेले हात आपल्याकडे थोडे आहेत. धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडवरच्या चामड्याच्या दुकानांत रंग आणि पॉलिश यांची चौकशी करता येते. वाणियंबाडी, अंबूरकडचे उर्दू बोलणारे कातडी व्यापारी तर या विषयात पिढ्यानपिढ्या मुरलेले आहेत. ज्यांचे तिकडे नातेसंबंध असतील त्यांनी एखाद्या होतकरू मुलाला काही महिन्यांसाठी तिकडे पाठवून पाहावे. आमच्या बाजारातल्या त्या तरुणाने तसे विचारले आहे, आणि त्याच्या भाड्याची व्यवस्था त्याच व्यापाऱ्याने केली आहे.