चाकातली चक्की

आम्ही दोघेही शिक्षक. राहायला भंडारा शहरात; एकाची शाळा गावातच, दुसऱ्याची मोहाडीकडे. घरात दहा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. एरवी ती शाळा, बाजार आणि नातेवाईक एवढेच करते. पण महिन्यातून एकदा अम्मींना हृदयाच्या तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते. कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग ५३. जुनी माणसे अजून त्याला 'सहा नंबर'च म्हणतात. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, पुढे-मागे ट्रकच ट्रक. अशा रस्त्यावर गाडीवर भरवसा हवा.

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मौद्याजवळ कन्हानचा पूल ओलांडताना अम्मींनी विचारले, "बेटा, ही चक्की कुठे चालू आहे?"

आम्ही हसलो. अम्मींचे वय झाले आहे, काचा बंद आहेत, बाहेर ट्रक धावताहेत. काहीतरी भास झाला असेल. आमची मुलगी म्हणाली, "दादी, टायरचा आवाज आहे तो." अम्मी गप्प बसल्या.

पुढच्या खेपेला तो आवाज पुढच्या सीटवर आम्हालाही ऐकू आला. पन्नासच्या पुढे काटा गेला की घुंऽऽ अशी घरघर सुरू होई. सत्तरला ती इतकी वाढे की बोलणे चढ्या आवाजात करावे लागे. वेग कमी केला की आवाजही उतरे.

चौदा हजारांचा धडा

गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे कोणी ती चालवून पाहिली नाही. टायरकडे बघून सांगितले, "टायर घासलेत, चारही बदला." टायर जुने होतेच. चौदा हजार रुपये मोजले. दोन-तीन दिवस वाटले, आवाज गेला. कारण ते दिवस आम्ही गावातल्या गावात हळूच गाडी चालवत होतो. नागपूरच्या रस्त्याला लागताच घरघर पुन्हा हजर.

दुसऱ्या ठिकाणी विचारले तर उत्तर मिळाले, "गिअरबॉक्स उघडावा लागेल." गिअरबॉक्स हा शब्द भंडारेकरांना नवा नाही, आपल्या जिल्ह्यातच गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. पण आपल्या गाडीचा उघडायचा म्हटल्यावर महिन्याचा हिशेब डोळ्यांपुढे आला. आम्ही गाडी तशीच घरी आणली.

मग शेजाऱ्यांनी वरठीच्या रस्त्यावरचा एक तरुण मिस्त्री सुचवला. त्याने पाना हातातच घेतला नाही. म्हणाला, "सर, तुम्ही चालवा. आवाज पहिल्यांदा कोणाला आला?"

आम्ही सांगितले, "अम्मींना."

"त्या कुठे बसतात?"

"मागे, डाव्या बाजूला."

"मग मी तिथेच बसतो."

त्या अर्ध्या तासात आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने देत आहोत. यातले बरेचसे कोणीही करून पाहू शकतो.

आवाज इंजिनचा की चाकांचा?

पहिली परीक्षा गाडी उभी ठेवून. न्यूट्रलमध्ये इंजिनचा वेग हळूहळू वाढवायचा. तोच आवाज आला तर दोष इंजिनच्या बाजूला. आमच्या गाडीत आला नाही.

दुसरी परीक्षा मोकळ्या, सरळ रस्त्यावर. साठच्या वेगाला क्षणभर क्लच दाबायचा. इंजिनचा वेग उतरतो, गाडी मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. इंजिनबरोबर आवाज पडला तर इंजिनकडे बघावे. आवाज तसाच राहिला तर तो गाडीच्या वेगाशी, म्हणजे बहुधा चाकांशी बांधलेला आहे. किल्ली मात्र चालत्या गाडीत कधीही बंद करायची नाही. त्याने स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची ताकद कमी होते.

आमच्या गाडीचा आवाज जराही हलला नाही. गिअरबॉक्सची भीती तिथेच बरीचशी कमी झाली.

टायर की बेअरिंग?

चाकातून घरघर येण्याची दोन मुख्य कारणे: टायर आणि बेअरिंग. दोन्हींचा आवाज इतका सारखा असतो की सराव असलेला माणूसही फसतो.

टायर रस्त्याशी बोलतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलो की त्याचा सूर बदलतो. बेअरिंगला रस्त्याशी फारसे देणेघेणे नसते. गुळगुळीत डांबरावरही त्याची घरघर तशीच ऐकू येते.

टायरवरून तळहात फिरवून पाहावा, आधी एका दिशेने, मग उलट. एकीकडे गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागले तर टायर असमान झिजला आहे. हवेचा दाब चुकला, अलाइनमेंट बिघडली किंवा शॉकअब थकले की असे होते. शंका असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून पाहावेत. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर दोषी टायर. त्यासाठी पैसे जवळजवळ लागत नाहीत. हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर चौदा हजारांचा खर्च निदान सवडीने करता आला असता.

बेअरिंगची खूण वळणावर कळते. एसटी उजवीकडे वळली की प्रवासी डावीकडे झुकतात, तसाच गाडीचा भारही डाव्या चाकांवर जातो. खराब बेअरिंगवर भार वाढला की ते जास्त ओरडते. म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढला आणि डाव्या वळणावर कमी झाला, तर संशय डाव्या चाकावर. उलट झाले तर उजव्यावर.

सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर, मागे-पुढे कोणी नसताना, चाळीस-पन्नासच्या वेगाने आम्ही गाडी हलकेच उजवीकडे घेतली. घरघर स्पष्ट वाढली. डावीकडे घेतली, जवळजवळ थांबली. मागे बसलेला मिस्त्री म्हणाला, "सर, माझ्या खालीच आहे."

जॅकवर खात्री

वळणाची परीक्षा दर वेळी अचूक ठरत नाही. पत्र्यातून आवाज प्रवास करतो, पुढचे बेअरिंग मागे वाजल्यासारखेही वाटते. म्हणून गाडी उचलून खात्री करावी लागते.

सपाट जमीन पाहून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक सोडला आणि मागचे डावे चाक जॅकवर उचलले. मिस्त्रीने एका हाताने चाक फिरवले आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. मग आमचा हात तिथे ठेवायला लावला. बोटांना खरखर जाणवली, जणू आत वाळूचे कण दळले जात आहेत. उजव्या चाकाला हीच परीक्षा केली तर स्प्रिंग शांत.

नंतर चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून, हलवून पाहिले. किंचित खटखट होती. अशी खटखट असेल तर फार दिवस थांबायचे नाही.

घरी हे करताना एक नियम पाळावा: फक्त जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही, मुलांना जवळही येऊ द्यायचे नाही.

आत काय बिघडते?

पूर्वी बंडीखाली बांबूच्या नळीत वंगण लटकलेले असे. आस कुरकुरू लागली की गाडीवान थांबून वंगण लावी. मोटारीच्या चाकात हेच काम बेअरिंग करते. दोन पोलादी कड्या, त्यांच्यामध्ये गुळगुळीत गोळ्या आणि भोवती ग्रीस. घासण्याऐवजी गोळ्या लोळतात, म्हणून चाक हलके फिरते. १९०७ मध्ये स्वीडनमधील गोटेनबर्गच्या एका कापडगिरणीत काम करणाऱ्या स्वेन विंगक्विस्ट या अभियंत्याने स्वतःला सावरून घेणारे बॉल बेअरिंग तयार केले. गिरणीचे दांडे एका रेषेत राहत नसत आणि बेअरिंग सारखी निकामी होत, हा त्याचा रोजचा त्रास होता. त्यातूनच एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. पुण्याजवळ चिंचवडलाही तिचा कारखाना आहे.

आजच्या गाड्यांत बहुधा बंद बेअरिंग असते. वर्षानुवर्षे त्याला हात लावावा लागत नाही. त्याचा मोठा शत्रू पाणी. रबरी सीलमधून पाणी आत गेले की ग्रीस धुऊन निघते, गंज धरतो, कड्यांवर बारीक खड्डे पडतात आणि त्यांवरून गोळ्या धावू लागल्या की घरघर सुरू होते. आपला जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. एवढा मोठा पूरच यायला हवा असेही नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत दोन दिवस पाणी तुंबले आणि गाडीची डावी चाके निम्मी बुडाली होती. गाडी एका फटक्यात सुरू झाली, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. रस्त्यातले मोठे खड्डे आणि जोराचे धक्केही हेच नुकसान करतात.

घरघर असतानाही गाडी चालते, त्यामुळे माणूस टाळत राहतो. पण चाकाची ढिलाई वाढत गेली तर ब्रेकवर परिणाम होतो, आणि शेवटी चाक जाम होण्याचा किंवा निखळण्याचाही धोका असतो. महामार्गावर, मागे ट्रक असताना, असे झाले तर काय, हे सांगायला नको.

दुरुस्ती आणि त्यानंतर

बेअरिंग आणि मजुरी मिळून आमचे दोन हजारांच्या आतच काम झाले. जुने बेअरिंग मागून घेतले. बोटाने फिरवले तर खरखर आणि तपकिरी गाळ. जुना भाग परत मागायला संकोच करू नये. नवीन बेअरिंग विश्वासू दुकानातून पावतीसह घ्यावे. ते हातोड्याने ठोकून बसवू देऊ नये. ठोकण्याने नवे बेअरिंगही पहिल्याच दिवशी खराब होऊ शकते. ते प्रेसवर बसवतात, आणि मधला नट ठरलेल्या मापाने आवळतात. पुढे शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासून घ्यावेत.

आणि मिस्त्रीकडे जाताना "गाडी आवाज करते" एवढेच सांगू नये. किती वेगाला सुरू होतो, कोणत्या वळणावर वाढतो, रस्ता बदलला की बदलतो का, गाडी पाण्यात उभी होती का, हे कागदावर लिहून न्यावे. गाडी चालवून न पाहता महागडा भाग बदलायला सांगणाऱ्याला आधी सोबत एक फेरी मारायला सांगावे.

पुढच्या महिन्यात नागपूरला निघालो. कन्हानचा पूल आला, सत्तरचा वेग होता, गाडी शांत. आम्ही अम्मींना विचारले, "आता चक्की ऐकू येते का?"

"बंद झाली," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आमच्या अब्बांची पिठाची गिरणी होती ना. तिचे बेअरिंग जायच्या आधी ती अशीच गुरगुरायची. रात्री झोपेतही अब्बांना कळायचे."

"मग त्या दिवशी सांगितले का नाही?"

"सांगितले होते की. तुम्ही हसलात."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोन महिने आणि तीन खेपा आम्ही त्यांना त्याच खराब चाकावर बसवून महामार्गावरून नेत होतो. अल्लाहची कृपा, काही झाले नाही. आता गाडीत काहीही वेगळे ऐकू आले की आम्ही आधी रेडिओ बंद करतो आणि मागच्या सीटला विचारतो.