परदेशी गिऱ्हाईक आणि आपला भाव : ऑनलाइन दुकानात किंमत कोणत्या चलनात लावावी?

मिरजेचा तंबोरा, औरंगाबादी हिमरूची शाल, मुंबईचे अत्तर, सोलापूरची चादर, असा कितीतरी माल आपल्या कारागिरांच्या हातून तयार होतो. पूर्वी हा माल परदेशी जायचा तो दलाल आणि निर्यातदार यांच्या मार्फत. डॉलरचा भाव काय, दिरहमचा काय, याची चिंता त्यांची असे. कारागिराला ठरलेले रुपये मिळत आणि वरचा नफा मधल्या मधे राही. आता ऑनलाइन दुकानामुळे दुबईचे किंवा लंडनचे गिऱ्हाईक थेट आपल्या दारात येऊ शकते. ही मोठी संधी आहे, यात शंका नाही. पण दलाल बाजूला झाला की त्याची चिंताही आपल्याच डोक्यावर येते. त्यातील पहिली चिंता भावाची.

पुष्कळ व्यापारी बांधव दुकानात रुपयाचा भाव टाकतात, चलन बदलून दाखवणारी सोय सुरू करतात आणि निर्धास्त होतात. यंत्राने ३,००० रुपयांचे दिरहम करून दाखवले की काम झाले, असे त्यांना वाटते. आमचे म्हणणे असे की यंत्र फक्त भागाकार करते, धंद्याचा हिशोब करत नाही. तो आपणच केला पाहिजे आणि माल दुकानात मांडण्याआधी केला पाहिजे.

एके काळी आखातात रुपयाच चालत होता

आजच्या तरुण व्यापाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण आखाती देशांत एके काळी आपलाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तेथील वापरासाठी खास वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून एकदम ७.५० वर गेला. ज्यांच्या गाठीला रुपये होते त्यांची कमाई एका दिवसात घटली, आणि उरलेल्या आखाती भागांनीही रुपयाला रजा दिली. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. सौदा एका चलनात आणि खर्च दुसऱ्या चलनात असला, की दोन चलनांमधला फरक कुणाच्या तरी खिशातून जातो. जानेवारी २०२४ मध्ये डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने प्रथमच ९० रुपये ओलांडले. दोन वर्षांत एवढा फरक पडतो. हा फरक गिऱ्हाइकाने सोसायचा की आपण, हे भाव लावतानाच ठरले पाहिजे.

दाखवणे वेगळे, आकारणे वेगळे

ऑनलाइन दुकानात दोन गोष्टी असतात. एक, गिऱ्हाइकाला दिसणारा भाव. दुसरी, त्याच्या कार्डावर प्रत्यक्ष पडणारी रक्कम. अनेक दुकानांत भाव दिरहममध्ये दिसतो, पण पैसे देताना रक्कम रुपयांतच आकारली जाते. मग गिऱ्हाइकाची बँक स्वतःच्या दराने रुपयाचे दिरहम करते, वर आपले शुल्क लावते. पाहिलेला भाव १९५ दिरहम आणि महिनाअखेरीस खात्यातून गेले २०२, असे झाले की दोष बँकेला नव्हे, दुकानाला लागतो.

आपल्या फिकहमध्ये व्यवहाराचा एक जुना नियम आहे. सौदा होताना किंमत आणि तिचे चलन दोन्ही नक्की असले पाहिजे, त्यात संदिग्धता नको. धंद्याच्या दृष्टीनेही हाच नियम फायद्याचा आहे. म्हणून ज्या चलनात भाव दाखवाल, त्याच चलनात रक्कम आकारा. तशी सोय नसेल तर रुपयाच दाखवा आणि शेजारी ‘अंदाजे’ असा स्पष्ट शब्द टाकून परकी रक्कम लिहा.

हिशोब असा मांडावा

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. एका शालीचे आपल्याला ३,००० रुपये हातात पडायला हवेत. बांधणी आणि दुबईपर्यंतची रवानगी १,२०० रुपये. एकूण ४,२०० रुपये. दिरहमचा दर २४ रुपये धरू. साधा भागाकार केला तर भाव येतो १७५ दिरहम.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. पेमेंट गेटवेचे शुल्क, त्यावरचा कर आणि चलन बदलताना दरात होणारी कपात मिळून ६ टक्के धरू. १७५ दिरहमचे ४,२०० रुपये होतात, त्यातले २५२ वाटेतच जातात. हातात येतात ३,९४८. त्यातून रवानगीचे १,२०० वजा केले की उरतात २,७४८ रुपये. उद्या रुपया वधारला आणि दिरहम २३ रुपयांवर आला, तर उरतील सुमारे २,५८३. म्हणजे शाल विकली गेली आणि चारशेवर रुपये गेले.

योग्य रीत उलट दिशेची आहे. ४,२०० ला ०.९४ ने भागा, म्हणजे ६ टक्के कापूनही पूर्ण रक्कम उरेल. येतात सुमारे ४,४६८ रुपये. दराच्या चढउतारासाठी त्यात ३ टक्के घाला, ४,६०२ झाले. त्याला २४ ने भागल्यावर येतात सुमारे १९२ दिरहम. दुकानात १९५ लावा. आता दिरहम २३ वर उतरला तरी हातात ३,०१६ रुपये पडतील. २४ वर राहिला तर सुमारे ३,२०० पडतील.

येथे आणखी एक गोष्ट विसरू नये. देशातल्या गिऱ्हाइकासाठी लावलेल्या भावात जीएसटी असतो. निर्यात मात्र शून्य दराची असते. लेटर ऑफ अंडरटेकिंग म्हणजे एलयूटी भरलेले असेल, तर कर न भरता माल पाठवता येतो. म्हणून परदेशी भाव काढताना करासहित भावापासून सुरुवात करू नका. कर वगळून मूळ रक्कम घ्या, नाहीतर आपला माल विनाकारण महाग दिसेल.

कोणकोणती चलने ठेवावीत?

पंधरा-वीस चलने दाखवण्याचा मोह होतो, तो टाळावा. आखाती देशांपुरते पाहिले तर काम सोपे आहे. अमिरातीचा दिरहम डॉलरला ३.६७२५, सौदी रियाल ३.७५ आणि कतारी रियाल ३.६४ या दराने बांधलेला आहे. बहारीनचा दिनार आणि ओमानचा रियाल हेही डॉलरलाच बांधलेले आहेत. ओमानचा एक रियाल म्हणजे सुमारे २.६० डॉलर. याचा अर्थ असा की या पाच देशांसाठी वेगवेगळे पाच दर रोज पाहण्याची गरज नाही. एक डॉलर पाहिला की पुरे. कुवेतचा दिनार मात्र २००७ पासून अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे, तो वेगळा पाहावा लागतो. पौंड आणि युरो तर मोकळेच आहेत.

म्हणून सुरुवातीला ज्या देशांतून खरोखर मागणी येते तेवढीच दोन-तीन चलने घ्या. बाकीच्यांसाठी डॉलर ठेवा.

दिनाराची तीन घरे

ही बाब बारीक आहे, पण नुकसान मोठे करते. रुपयाचे १०० पैसे, दिरहमचे १०० फिल्स. पण कुवेत आणि बहारीनच्या दिनाराचे १,००० फिल्स होतात, ओमानच्या रियालाचे १,००० बैसा. पेमेंट गेटवेकडे रक्कम बहुधा सर्वांत लहान नाण्यात पाठवली जाते. दुकानाच्या व्यवस्थेने सवयीप्रमाणे १०० ने गुणले, तर १० दिनाराचे १,००० फिल्स पाठवले जातात आणि गेटवे ते १ दिनार समजतो. म्हणजे १० दिनाराचा माल १ दिनारात गेला! जपानी येनचे उलटे आहे. त्याला व्यवहारात लहान नाणेच नाही, त्यामुळे तीच चूक तेथे शंभर पट आकारणी करते. म्हणून प्रत्येक चलनात एक लहानशी खरेदी स्वतः करून पाहावी, रक्कम बरोबर पडते का तपासावी आणि मगच दुकान उघडावे.

रवानगी आणि तिकडचा कर

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जगभर त्यांना मागणी आहे. पण तंबोऱ्याची पेटी समजा १४० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच असेल, तर अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार ५,००० ने भागून वजन धरतात. ते ५६ किलोच्या वर जाते. खरे वजन कितीही कमी असो, पैसे ५६ किलोचे. अशा मालाची रवानगी किमतीत मिसळू नये, देशवार वेगळी दाखवावी. शाल किंवा अत्तरासारख्या लहान मालात ती भावात धरलेली बरी. अत्तर पाठवण्यापूर्वी मात्र कुरिअर किंवा टपाल खाते ते घेते का, हे विचारून घ्यावे.

तिकडच्या कराचे नियमही ध्यानात असावेत. सौदीत जुलै २०२० पासून व्हॅट १५ टक्के आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या परदेशी मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेऊन भरण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आली. मोठ्या ऑनलाइन बाजारामार्फत विक्री झाली तर ती त्या बाजारावर असते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्या गडबडीत भारतीय टपाल खात्याची अमेरिकेची पार्सल सेवाही काही आठवडे थांबली होती. शुल्क कोण भरणार, हे भावाखाली लिहिलेले नसेल तर गिऱ्हाईक पार्सल घ्यायला नकार देते, आणि येण्याजाण्याचा खर्च आपल्या माथी बसतो.

पैसे दुबईचे, माल रत्नागिरीचा

कोकणातील हजारो कुटुंबांची माणसे आखातात आहेत. ईदला तिथून मागणी नोंदवून माल रत्नागिरी किंवा रायगडमधील घरी पोचवा, असे सांगणारी गिऱ्हाइके बरीच असतात. दुकान त्यांना दिरहमचा भाव दाखवते, कारण ते दुबईतून पाहत असतात. पण माल देशाबाहेर जात नाही. पैसे परकी चलनात आले म्हणून ही निर्यात ठरत नाही, जीएसटी लागतोच. शिवाय दुबईची रवानगी त्यात धरलेली असेल तर गिऱ्हाइकावर अन्याय होतो. म्हणून भाव ठरवताना गिऱ्हाईक कोठे बसले आहे यापेक्षा माल कोठे जायचा आहे, हे दुकानाने आधी विचारावे.

गेटवेला हे प्रश्न विचारा

परदेशी पैसे आणणाऱ्या मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळी चौकट घालून दिली. आपला गेटवे त्या चौकटीत आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा, चलन कोणत्या दिवसाच्या दराने बदलणार, विक्रीच्या की पैसे खात्यात येण्याच्या? तिसरा, बाजारदरापेक्षा किती टक्के कमी देणार? चौथा, परदेशातून रक्कम आल्याचा दाखला मिळणार का? पाचवा, माल परत आला तर शुल्क परत मिळते का? उत्तरे लेखी घ्यावीत. याशिवाय आयात-निर्यात क्रमांक म्हणजे आयईसी आणि दर आर्थिक वर्षाचे एलयूटी ही कागदपत्रे तयार ठेवावीत. टपाल खात्याची डाक निर्यात केंद्रे लहान कारागिरांना पार्सलाच्या कागदपत्रांत मदत करतात, त्यांचा लाभ घ्यावा.

माल परत आल्यास गिऱ्हाइकाने ज्या चलनात जितके दिले, तितकेच त्याच चलनात परत करा. मधल्या काळात दर बदलला असेल तर तो फरक दुकानाचा. भावात जे ३ टक्के धरले होते, ते अशाच वेळी कामाला येतात. पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घेण्याची सोय बँका देतात, पण त्याबाबत शरीअतच्या दृष्टीने प्रश्न उपस्थित होतात. जाणकार आलिमांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. लहान दुकानाला त्याची फारशी गरजही पडत नाही.

भाव रोज बदलू नका, वर्षभर तसाच ठेवून विसरूही नका. महिन्याची एक तारीख ठरवा. त्या दिवशी दर पाहा आणि ३ टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल तरच भाव बदला. ज्यांनी आधी मागणी नोंदवली, त्यांना जुनाच भाव द्या. सुरुवात एका चलनापासून आणि पाच-दहा वस्तूंपासून करा. प्रत्येक विक्रीनंतर बँकेत प्रत्यक्ष किती रुपये आले, ते वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांत ती वही तुम्हाला सांगेल की ६ टक्के धरायचे की ८, आणि कोणत्या देशाची विक्री खरोखर परवडते. कारागिराची कला त्याच्या हातात असते, पण तिचा मोबदला त्याच्या हिशोबात असतो. जो हिशोब इतकी वर्षे दलाल करत होता, तो आता आपल्या मुलामुलींनी शिकून घ्यावा.